ती नांदायला आली होती: दोन वर्षांच्या ग्रीन कार्डाचं एक प्रकरण

ती माझ्याकडे पहिल्यांदा आली ती एका दाखल्यासाठी. एप्रिल 2023. घटस्फोटाचा अर्ज करायचा होता आणि वकिलांनी लग्नाच्या नोंदणीचा दाखला इंग्रजीत मागितला होता. दाखला ग्रामपंचायतीचा, सगळा मराठीत. मुंबईच्या वाणिज्य दूतावासासाठी पूर्वी केलेलं भाषांतर नवऱ्याच्या फायलीत राहिलं होतं आणि नवऱ्याचं घर तिने जानेवारीतच सोडलं होतं. मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं करून देते. मी वकील नाही. इथे लिहिते आहे ते एका प्रकरणात दोन वर्षं कागद वाचताना जे कळलं ते. तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भाषांतर करताना नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी आणि कार्डाशी जुळवून घ्यायची माझी सवय आहे. म्हणून मी तिचं ग्रीन कार्ड बघायला मागितलं. वर्गाच्या जागी ‘सीआर1’ होतं, म्हणजे लग्नाच्या आधारे मिळालेलं सशर्त कार्ड. संपण्याची तारीख 08/09/23.

“अगं, हे कार्ड संपत आलंय,” मी म्हटलं.

“हो काकू, आठ सप्टेंबरला. तोपर्यंत घटस्फोट होऊन जाईल ना?”

ती तारीख आठ सप्टेंबर नव्हती, नऊ ऑगस्ट होती. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. कार्ड हातात आल्यापासून ती तारीख आपल्या पद्धतीने वाचत होती, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. तो एक महिना तिच्या हिशेबात होता, पण सरकारच्या हिशेबात नव्हता. ज्यांच्या घरात असं कार्ड आहे त्यांनी आज ते काढून ती तारीख पुन्हा एकदा वाचावी.

तिचं लग्न डिसेंबर 2019 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात झालं. स्थळ नात्यातून आलेलं. मुलगा अमेरिकेचा नागरिक झालेला, न्यू जर्सीत नोकरीला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो परत गेला आणि तिथून त्याने बायकोसाठी अर्ज केला. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि दूतावासाचं नेहमीचं काम बंद पडलं. ती सासरीच राहिली, वीस महिने. बांद्रा-कुर्ला संकुलातली मुलाखत 2021 च्या उन्हाळ्यात झाली आणि 9 ऑगस्ट 2021 ला ती न्यूअर्क विमानतळावर उतरली.

हा दिवस महत्त्वाचा आहे. अमेरिकन नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी झालेल्या लग्नाच्या आधारे कायम वास्तव्य मिळतं, त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली नसतील, तर ते वास्तव्य सशर्त असतं आणि कार्ड दोन वर्षांचं मिळतं. दोन वर्षं पुरी झालेली असतील तर सरळ दहा वर्षांचं. तिच्या लग्नाला वीस महिने झाले होते. आणखी चार महिने उशिरा उतरली असती, तर तिच्या कार्डावर सीआर1 ऐवजी बिनशर्त आयआर1 आलं असतं आणि मी हे लिहायला बसले नसते. दूतावासातून व्हिसा मिळाल्यावर अमेरिकेत कधी उतरायचं याला काही महिन्यांची मुदत असते. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस उरले असतील, तर तिकीट काढण्याआधी वकिलाला एकदा विचारून घ्यावं. तिच्या बाबतीत मात्र चार महिने थांबा म्हणणारं कोणी असतं तरी ती थांबली नसती. वीस महिने नवऱ्याशिवाय सासरी काढलेल्या मुलीला आणखी थांब म्हणणार कोण?

ही अट 1986 सालची. नोव्हेंबर 1986 मध्ये अमेरिकन काँग्रेसने विवाहातली फसवणूक रोखण्यासाठी कायदा केला. केवळ कार्डासाठी झालेली लग्नं दोन वर्षांत उघडी पडतील हा त्यामागचा विचार. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, कार्ड संपण्याआधीच्या 90 दिवसांत, नवरा-बायको दोघांनी मिळून आय-751 हा अर्ज भरायचा आणि लग्न खरं आहे हे कागदांनिशी दाखवायचं. दोघांच्या सह्या लागतात. ती एक सही वाईट माणसाच्या हातात काय होऊन बसते, याचा विचार 1986 मध्ये पुरेसा झाला नव्हता. छळ झालेल्या जोडीदाराला त्या सहीतून सूट देणारी तरतूद 1990 मध्ये आली.

तिचा 90 दिवसांचा काळ 11 मेला सुरू होणार होता. अमेरिकेतल्या पहिल्या काही महिन्यांतच नवऱ्याने तिला सांगून ठेवलं होतं की सही माझ्या हातात आहे. भांडण झालं की हे वाक्य यायचंच. घर सोडून एका मैत्रिणीच्या तळघरातल्या खोलीत राहायला गेल्यावरही तिला वाटत होतं की सही नाही म्हणजे परतीचं तिकीट. तिने तिकिटांचे दरही बघून ठेवले होते. ओळखीच्या बायकांनी सल्ला दिला होता, गोड बोलून सही घे, कार्ड हातात आलं की मग काय ते बघ.

हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो ऐकला की मला राग येतो. त्या अर्जावरची सही शपथेवरची असते. वेगळे राहणारे दोघे एकत्र राहतो असं दाखवून सही करतात, तेव्हा खऱ्या लग्नाच्या फायलीत पहिलं खोटं त्यांच्याच हाताने जातं. वेगळं राहत असल्याचं स्पष्ट लिहून दोघांनी मिळून अर्ज करायला बंदी नाही. इमिग्रेशन खातं मग घटस्फोटाचा हुकूम मागतं, आणि तो आला की त्याच अर्जाचं रूपांतर एकटीच्या अर्जात करता येतं. पण त्यालाही सही करायला तयार असलेला नवरा लागतो.

विनामूल्य कायदेसाहाय्य देणाऱ्या एका संस्थेतल्या वकीलबाईंनी तिला मेमध्ये तासभर दिला. तिच्या आग्रहाखातर मीही बरोबर गेले. सहीतून सूट मिळण्याचे रस्ते त्यांनी एकेक करून सांगितले. जोडीदाराचा मृत्यू झाला असेल तर. लग्न खऱ्या मनाने केलं होतं पण ते कायदेशीरपणे संपलं असेल तर. लग्न खऱ्या मनाने केलं होतं आणि जोडीदाराने मारहाण किंवा अतोनात क्रूरता केली असेल तर. देशाबाहेर काढल्यास पराकोटीची हालअपेष्टा होणार असेल तर. असा एकटीचा अर्ज करायला 90 दिवसांची चौकट नाही, आधी करा वा नंतर करा. फक्त कार्ड संपण्याआधी केला तर वास्तव्यात खंड पडत नाही. काहीच केलं नाही, तर दर्जा आपोआप संपतो आणि इमिग्रेशन न्यायाधीशापुढे हजर राहण्याची नोटीस येऊ शकते.

पेच असा होता की घटस्फोटाच्या आधारावर सूट हवी, तर घटस्फोट पुरा व्हायला हवा. न्यू जर्सीत मतभेद सहा महिने टिकून आहेत एवढ्यावर घटस्फोट मागता येतो, कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. पण अर्ज एप्रिलअखेर न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात गेला होता आणि ऑगस्टपर्यंत हुकूम मिळेल असं कोणी म्हणत नव्हतं. क्रूरतेच्या आधाराला मात्र घटस्फोट लागत नाही. लग्न कागदावर चालू असतानाही तो घेता येतो.

“पण तो मला मारत नव्हता,” ती म्हणाली.

वकीलबाईंनी विचारलं की पगार कुठे जायचा. ती एका पाळणाघरात काम करत होती. पगाराच्या चेकवर मागे सही करून ती तो नवऱ्याकडे द्यायची आणि तो त्याच्या एकट्याच्या खात्यात भरायचा. फोन कोणाच्या नावावर? त्याच्या. रात्री दार लावून बाहेर कोण ठेवायचं? यावर ती काही बोलली नाही. मग तिने फोन काढला आणि नवऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या ध्वनिसंदेशांची यादी समोर धरली. मारहाणीपुरती क्रूरता मर्यादित नाही, नियमात मानसिक छळही धरला आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तिने अर्जावर घटस्फोट आणि क्रूरता या दोन्ही चौकटींवर खूण केली. क्रूरता घडलीच होती, घटस्फोट कोर्टात चालू होता. घटस्फोट येईपर्यंत अर्ज क्रूरतेच्या आधारावर उभा राहणार होता.

ते ध्वनिसंदेश माझ्याकडे आले. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतला कुठलाही पुरावा द्यायचा तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. शिवाय भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे आणि ही भाषा मला नीट येते, असं भाषांतरकाराने लिहून सही करावी लागते. नोटरीची गरज नसते. त्या संदेशांपैकी एक असा होता: “तुला नांदवायचं की परत पाठवायचं ते मी ठरवणार. सही माझ्या हातात आहे.”

‘नांदवायचं’ या शब्दापाशी मी दोन दिवस अडले. नांदणं म्हणजे नुसतं एका घरात राहणं नाही. मुलगी सासरी नांदते, म्हणजे त्या घराची होऊन राहते. आशीर्वाद देतो तोही ‘सुखाने नांदा’ असा. भांडण कोर्टात गेलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली नांदायला येण्याचा दावा लावतात. आणि ‘नांदवणं’ हे क्रियापद नवऱ्याकडचं. बायकोने नांदायचं, पण नांदवायचं की नाही हे त्याने ठरवायचं, ही सगळी सत्ता त्या एका ‘व’मध्ये आहे. इंग्रजीत नुसतं ‘ठेवून घेणं’ असं लिहिलं असतं तर धमकी अर्धी झाली असती. शेवटी मी मूळ शब्द रोमन लिपीत तसाच ठेवला. पुढे ‘बायकोला बायको म्हणून सासरघरी राहू देणं’ असा अर्थ देणारी लांब इंग्रजी रचना केली आणि खाली चार ओळींची टीप लिहिली. वकीलबाई टीप वाचून म्हणाल्या, तुमचा हा शब्द म्हणजेच आपली सगळी केस आहे.

तसंच होतं ते. सरकारला विचारायचं असतं ते एवढंच की लग्न करताना दोघांचा मिळून आयुष्य उभारायचा इरादा होता का. लग्न पुढे टिकलं की नाही, हा प्रश्न वेगळा. 1975 सालच्या बार्क खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हे स्पष्ट केलं. नंतर वेगळं होणं हा फक्त त्या सुरुवातीच्या मनाचा अंदाज घ्यायला उपयोगी पडतो, तेवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही. मराठीत विचारायचं तर, ती नांदायला आली होती का?

आता हे कागदावर दाखवायचं होतं, आणि इथे खरी अडचण आली. नियमांत सुचवलेले पुरावे म्हणजे दोघांच्या नावाचा भाडेकरार, दोघांचं बँकखातं, दोघांची मालमत्ता, मुलांचे जन्मदाखले, ओळखीच्यांची शपथपत्रं. तिच्याकडे काय होतं? भाडेकरार नवऱ्याचा. वीज, इंटरनेट, गाडी, गाडीचा विमा, सगळं त्याच्या नावाने. यात त्याचा डाव होता असंही नाही, निदान सुरुवातीला नव्हता. लग्नाआधीपासून सगळं त्याच्या नावाने चालू होतं आणि लग्नानंतर तिचं नाव कुठे घालायला हवं असं कोणाला वाटलंच नाही. तिला नाही, माहेरी नाही, सासरी नाही. आपल्या कितीतरी घरांत असंच असतं. सुखाने चाललेल्या घरात त्याने काही अडत नाही. पण त्या घरातून बाहेर पडलेली बाई कागदांत शोधायला गेली, तर ती तिथे कधी राहिलीच नव्हती असं दिसतं. मला या गोष्टीचा फार त्रास झाला, आणि तेव्हापासून नव्याने आलेल्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या महिन्यात भाडेकरारात नाव घालून घ्यायला सांगते. संसार दोघांचा असेल तर नावंही दोघांची हवीत.

तरी शोधल्यावर सापडलं. 2021 सालचं करविवरण त्याने दोघांचं मिळून भरलं होतं. त्याची प्रत नवऱ्याकडे मागायची गरज पडली नाही. एकत्र विवरणात नाव असलेल्या कोणालाही आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडून, त्याचा उतारा फुकट मिळतो. त्याच्या नोकरीतल्या आरोग्यविम्यात तिचं नाव होतं, आणि दवाखान्यांच्या बिलांवर तोच पत्ता. पाळणाघराच्या पगाराच्या कागदांवरही तोच पत्ता. तिने सही करून दिलेल्या चेकच्या मागच्या बाजूच्या प्रती मिळाल्या. एकाच कागदात दोघांचा पैसा एकत्र असल्याचाही पुरावा होता आणि तिला स्वतःचा पैसा मिळत नसल्याचाही.

सगळ्यात मोठा गठ्ठा मात्र कोल्हापूरहून आला. सासरच्या शिधापत्रिकेवर तिचं नाव चढवलेलं होतं. आधार कार्डावर सासरचा पत्ता होता. लग्नानंतर बदललेलं नाव महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून आलं होतं. कार्डासाठीच लग्न केलेली मुलगी वीस महिने सासरी राहून शिधापत्रिकेवर नाव कशाला चढवून घेईल? लग्नपत्रिकेत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून ‘चि. सौ. कां.’ पर्यंत सगळं होतं, त्याचं भाषांतर करताना मी दर दोन ओळींना टीप दिली. साखरपुड्याचे, केळवणांचे, हळदीचे फोटो होते. माप ओलांडतानाचा एक, जरा हललेला. संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालून ती सासूबाईंशेजारी बसली आहे, नवरा दहा दिवसांपूर्वी अमेरिकेला गेलेला. आणि आहेराची वही. शाळेच्या वहीत तिच्या भावाने लिहिलेली, नाव, गाव, रक्कम. 101, 501, 1001, एक स्टीलचा डबा, एक भिंतीवरचं घड्याळ. चौदा पानं. मी ती पूर्ण भाषांतरित केली. एवढ्या माणसांना जेवायला बोलावून कोणी खोटं लग्न करत नाही.

आणि एक पत्र, जे आम्ही कोणी मागितलं नव्हतं. नवऱ्याच्या सख्ख्या आत्याचं, हातानं लिहिलेलं, पुढे त्यांनी त्याचं रीतसर प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. त्यात एक वाक्य होतं: “ती आमच्या घरी वीस महिने नांदली, नवरा जवळ नसताना नांदली, माझ्या भावाच्या आजारपणात उशाशी बसली.” स्वतःच्या भाच्याविरुद्ध सही करायला त्या माऊलीला काय पडलं असेल, याचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

18 जुलै 2023 ला अर्ज गेला. शुल्क तेव्हा बोटांच्या ठशांसह 680 डॉलर होतं, एप्रिल 2024 पासून ते 750 झालं. पावतीची नोटीस आली आणि तिच्यावरच कार्डाची मुदत 48 महिने वाढल्याचं लिहिलेलं होतं. ही वाढ जानेवारी 2023 पासूनची. संपलेलं कार्ड आणि ती नोटीस एकत्र दाखवून नोकरी करता येते, परदेशी जाऊन परतही येता येतं. पाळणाघराच्या मालकिणीला हे पटवायला एक दुपार गेली.

डिसेंबर 2023 मध्ये घटस्फोटाचा हुकूम आला, तो फायलीत पाठवला. त्याच सुमाराला कळलं की नवऱ्याने खात्याला पत्र लिहून लग्न फक्त कार्डासाठी झाल्याचा आरोप केला आहे. ती हादरली. इथे 1996 च्या कायद्यातली एक तरतूद कामी आली. छळाच्या आधारावर अर्ज केलेल्या व्यक्तीविरुद्ध, केवळ छळ करणाऱ्याने दिलेल्या माहितीवरून निर्णय घेता येत नाही. त्या दिवसांत ती एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी 1985 पासून काम करणारी ‘मानवी’ ही संस्था आहे, हेही इथे नमूद करते, कारण तिला ते अडीच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये आणखी पुरावे मागणारी नोटीस आली. उत्तराला 87 दिवस. आम्ही चेकच्या प्रती, विम्याचे कागद, समुपदेशकांचं पत्र आणि राहिलेली भाषांतरं दिली.

मार्च 2025 मध्ये न्यूअर्कला मुलाखत झाली. एकटीच्या अर्जात लग्न खरं होतं हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो, त्यामुळे वकीलबाईंनी तिची आठवडाभर तयारी करून घेतली होती. दुभाषी नको म्हणाली, इंग्रजीतच बोलेन. अधिकारी बाईंनी तारखा विचारल्या, घर कसं होतं विचारलं, घर सोडलं त्या रात्रीबद्दल विचारलं. मग आत्यांचं प्रतिज्ञापत्र पुढे घेऊन माझी टीप वाचली आणि म्हणाल्या, या वीस महिन्यांबद्दल सांग. ती सासऱ्यांच्या आजाराबद्दल बोलली, प्राणवायूच्या सिलिंडरसाठी दिराबरोबर केलेल्या धावपळीबद्दल बोलली, नवऱ्याच्या रोज रात्रीच्या फोनबद्दल बोलली. तेव्हा तो चांगला बोलायचा, असंही तिने सांगितलं. बाहेर आल्यावर मला फोन करून म्हणाली, “काकू, ते सांगताना मला रडू आलं. ते सगळं खरं होतं हो.”

एप्रिलअखेर मंजुरी आली आणि पाठोपाठ दहा वर्षांचं कार्ड. नागरिकाबरोबर संसार चालू असता तर तिला तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता आला असता. मंजुरी घटस्फोटाच्या आधारावर असेल तर आता पाच वर्षांचा नियम लागू होतो; ती छळाच्या आधारावर असेल तर तीन वर्षांची सवलत घटस्फोटानंतरही राहते. ती पाच वर्षं पहिल्या दिवसापासून, 9 ऑगस्ट 2021 पासून मोजतात. सशर्त वास्तव्याची वर्षंही त्यात धरतात. अर्ज 90 दिवस आधी करता येतो, म्हणजे 11 मे 2026 पासून. घटस्फोटाच्या हुकुमात माहेरचं नाव परत घेण्याची सोय असते, ती तिने घेतली होती. नव्या कार्डावर तेच नाव आहे.

कार्ड दाखवायला आली तेव्हा तिने माझ्याकडची मूळ कागदांची पिशवी नेली. त्यातून आधी आहेराची वही काढून पर्समध्ये ठेवली. मी विचारलं, ही आता कशाला जपायची?

“आईने मागितलीय. पुढच्या महिन्यात गावात तीन लग्नं आहेत. कोणी किती घातले होते ते बघून तिला आहेर करायचे आहेत.”